मदत हवी आहे: पर्पल मार्टिनची गेल्या वर्षीची पिल्लं कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो. परसात खांबावर लावलेल्या घरट्यांच्या कप्प्यांत प्रौढ पर्पल मार्टिन (भिंगरीच्या कुळातले पक्षी) एप्रिलमध्येच ब्राझीलकडून परतले. नर अंगभर गडद निळे-जांभळे, लगेच ओळखू येतात. अडचण आहे ती आता, मे महिन्यात, मागाहून येणाऱ्या तरुण पक्ष्यांची. तरुण नराची छाती मादीसारखीच मळकट राखाडी, मधूनच एखादं जांभळं पीस. ऊन समोरून असलं की दुर्बिणीतूनही ते दिसत नाही. आवाजावरून फरक कळतो का? आणि आगमनाची नोंद पक्षी पहिल्यांदा दिसला त्या दिवसाची करायची, की मुक्कामाला राहिला त्या दिवसाची? नव्या वसाहती बहुधा हीच तरुण मंडळी वसवतात, म्हणून शेजाऱ्यांच्या रिकाम्या खांबासाठीही या तारखा हव्या आहेत. तिथले कप्पे चिमण्या आत्ताच गवताने भरतायत, तेव्हा जरा लवकर सांगाल का?