मदत हवी आहे: फायनलमध्ये ६-० वाला मोठा की ४-६ वाला? (जॉर्डन / लेब्रॉन)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आमच्या कॉलनीच्या गणपतीत मुलांची मराठी वादविवाद स्पर्धा असते. एरवी विषय 'मोबाईल शाप की वरदान' छापाचे. यंदा पोरांनी स्वतःच ठरवला: बास्केटबॉलमध्ये मायकेल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स? चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या नववीतल्या कन्येला लेब्रॉन आला. जॉर्डनकडून ताईचा मुलगा, माझा सख्खा भाचा. त्यामुळे ताईशी सध्या जपूनच बोलतोय.

मी क्रिकेटवाला. बास्केटबॉलशी माझा संबंध म्हणजे रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सबाहेर स्कूटर लावून कन्येची वाट बघणे, इतकाच.

तिने जुन्या वीजबिलाच्या पाठीवर दोन रकाने पाडलेत. जॉर्डन: एनबीए या अमेरिकन लीगच्या सहा फायनल, सहाही जिंकल्या (१९९१ ते ९३, १९९६ ते ९८) आणि सहाही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच. लेब्रॉन: दहा फायनल, चार जिंकल्या (२०१२, २०१३, २०१६, २०२०), सहा हरला. त्या सहाभोवती लाल पेनाने इतके गोल गिरवलेत की कागद फाटलाय. भाचा रोज सकाळी व्हॉट्सॲपवर '६-०' एवढंच पाठवतो. ना गुड मॉर्निंग, ना फूल.

कागद बघता बघता मला आपली होळकर टीम आठवली, इंदूरचा जुना रणजी क्रिकेट संघ. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघ दहा वेळा रणजीच्या फायनलला गेला. चार जिंकला, सहा हरला. हुबेहूब तोच हिशेब! सी. के. नायडू, मुश्ताक अली ही नावं घेताना आमचे आजोबा 'सहा वेळा हरलेली टीम' असं कधी म्हणाले नाहीत. 'दहा वेळा फायनलला गेलेली' म्हणायचे.

हा मुद्दा टिकेल का? की भाचा दोन वाक्यांत उडवेल? आणि परीक्षकांत सत्तरीच्या एक निवृत्त बाई आहेत, त्यांना रिबाउंड-असिस्ट कसं सांगायचं? कन्या घरात 'अरे भिया' करत बोलते, स्टेजवर मात्र शुद्ध मराठी हवी.

प्रतिसाद (बडोद्याहून)

मुद्दा टिकेल, पण होळकरांचं नाव काढलंत तर बडोदेकर गप्प बसणार नाही. त्या सहातल्या दोन फायनल तुम्ही आमच्याकडून हरलात. १९४६-४७ ला गुल महंमद ३१९, विजय हजारे २८८, दोघांची भागीदारी ५७७ आणि होळकर डावाने गारद. भाचा हुशार असेल तर नेमकं हेच विचारेल, की हरलात ते ठीक, पण कसे हरलात?

म्हणून २०११ कन्येनेच आधी सांगून टाकावं. डॅलस संघाविरुद्धच्या त्या फायनलमध्ये लेब्रॉनची सरासरी सामन्याला १७.८ पॉइंट, त्याच्या मानाने अगदीच मामुली. आपण कबूल केलं की समोरच्याच्या हातातला दगड गेला. मग २०१६ वर यावं आणि तिथून हलू नये. गोल्डन स्टेटने त्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते, फायनलमध्ये (ती सात सामन्यांची मालिका असते, चार जिंकेल तो विजेता) ३-१ ने पुढे होते. तिथून लेब्रॉनच्या क्लीव्हलँडने मालिका जिंकली. फायनलमध्ये असं आधी कोणीच केलं नव्हतं. पॉइंट, रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू पकडणे), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील (चेंडू हिसकावणे), ब्लॉक (समोरच्याचा फेकलेला चेंडू अडवणे), पाचही गोष्टींत दोन्ही संघांत लेब्रॉन पहिला. सातव्या सामन्यात ८९-८९, दोन मिनिटंही उरली नाहीत, गोल्डन स्टेटचा इगुडाला एकटा बास्केटकडे निघालेला आणि लेब्रॉन मागून धावत येऊन चेंडू बोर्डावर थापटतो. हा प्रसंग कन्येने हातवारे करून सांगावा. बाईंना रिबाउंड कळायची गरज उरणार नाही.

आणि '६-०' ला उलटा प्रश्न: जॉर्डन फायनलला पोचलाच नाही ती वर्षं कुठे गेली? पहिल्या तीन मोसमांत पहिल्याच फेरीत बाहेर. १९८६ ला बोस्टनविरुद्ध ६३ पॉइंट केले, तरी सामना गेला. मग १९८८ ते ९० अशी तीन वर्षं डेट्रॉइट संघाने वाट अडवली. पायरीवर अडखळला तर पाटी कोरी, आणि गाभाऱ्यापर्यंत जाऊन हरला तर डाग? नुसती विजेतेपदंच मोजायची तर जुन्या काळच्या बिल रसेलची ११ आहेत, मग दोघंही घरी.

प्रतिसाद

मी जॉर्डनवाला, तरी सांगतो. लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ ला करीम अब्दुल-जब्बारचा कारकिर्दीतल्या ३८,३८७ पॉइंटचा विक्रम मोडला, पण त्यावर फार भर देऊ नका. वीस-वीस वर्षं खेळलं की बेरीज वाढतेच. भाचा लगेच जॉर्डनची ३०.१२ ची सरासरी काढेल, त्याहून वरची कोणाची नाही. शिवाय १९८८ ला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू दोन्ही तोच. याला उत्तर नाही, मान डोलवून पुढे जावं. 'जॉर्डन मधेच बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला गेला नसता तर आठ विजेतेपदं झाली असती' म्हणाला तर मात्र सोडू नका: मार्च १९९५ ला परत आला आणि त्याच मोसमात ऑर्लँडोकडून हरला.

धागाकर्ता

दोघांचे आभार. कन्येने नवा कागद घेतलाय, २०११ सगळ्यात वर लिहिलंय. बडोदेकर, एक शंका: भाचा इथे वाचतो की काय? आज सकाळी '६-०' आलं नाही. नुसतं '५७७' आलंय.