मदत हवी आहे: एमएस्सी केमिस्ट्री, दुसऱ्या वर्षाला ऑरगॅनिक घेऊ की ॲनालिटिकल?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी केमिस्ट्री करतेय, विद्यापीठ नांदेडचं. दुसरं सेमिस्टर चालू आहे. तिसऱ्यापासून स्पेशलायझेशन, आणि ऑरगॅनिक (कार्बनी संयुगांचं) की ॲनालिटिकल (तपासणी-मोजमापाचं) हे याच महिन्यात लिहून द्यायचंय. वर्गात विचारलं तर "सगळे ऑरगॅनिकच घ्यायलेत, तू बी घे" एवढंच उत्तर मिळतं.

घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. भाऊ बारावीला. पीएचडीचं नाव काढलं की आई विचारते, "आणखी किती वर्षं?" त्यामुळे एमएस्सी झाली की नोकरी हवीच. सोबत नेट-सेटचा (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा) अभ्यास जमला तर करायचाय.

मन ऑरगॅनिककडे आहे. बायनरी मिक्श्चरमध्ये सोडियम बायकार्बोनेट टाकलं की ॲसिड फसफसून विरघळतं, गाळून घेऊन त्यात एचसीएल सोडलं की पांढरंशुभ्र होऊन परत खाली बसतं. ते बघायला अजूनही भारी वाटतं. पण आमच्याकडे मार्चनंतर नळाला पाणी नसतं. रिफ्लक्स (उकळत ठेवून वाफ थंड करून परत खाली आणणं) लावायचा तर बादलीत कूलरची मोटार सोडून तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवायचं. दुपारपर्यंत बादली कोमट. ईथर ३५ अंशाला उकळतं आणि बाहेर ४२, म्हणजे बाटलीचं बूच काढायचीही धास्ती.

नोकरीला नेमकं काय चालतं? नेटला स्पेशलायझेशनने फरक पडतो का? आणि एनएमआरचे (आलेखातल्या पीकवरून रेणूची रचना ओळखायचे) प्रॉब्लेम सोडवायची काही पद्धत सांगा. उदा. C₉H₁₀O₂, आयआरमध्ये (इन्फ्रारेड आलेखात) १७४० ला पीक, एनएमआरमध्ये २.१ (३एच, सिंगलेट), ५.१ (२एच, सिंगलेट), ७.३ (५एच). बेंझिल ॲसिटेट आणि मिथाइल फिनाइलॲसिटेट दोन्ही बसतात असं वाटतं. ठरवायचं कसं?

तासिकावाले सर

आधी नेटचं. केमिकल सायन्सेसचा पेपर सगळ्यांना एकच. ऑरगॅनिकवाल्याला वेगळा, ॲनालिटिकलवाल्याला वेगळा असं काही नाही. २०० मार्कांचा पेपर: पार्ट ए ३०, बी ७०, सी १००. पार्ट सीमध्ये ६० पैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क, चुकला की १ कापला. इनऑरगॅनिक आणि फिजिकल सोडून भागत नाही, म्हणून पहिल्या वर्षाच्या वह्या रद्दीत घालू नकोस. सेटला निगेटिव्ह मार्किंग नाही, तो फॉर्म भरच. पण बाई, सेट झालं म्हणजे नोकरी लागली असं समजू नकोस. मी सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवतोय, मानधन कधी येईल ते विचारू नये.

आता एनएमआर. पहिल्यांदा अनसॅच्युरेशन (रिंग आणि डबल बाँड मिळून किती) काढायचं: (२×९ + २ − १०) ÷ २ = ५. बेंझीन रिंगचे ४, उरला १, तो १७४० चा कार्बोनिल. ७.३ ला ५एच म्हणजे रिंगवर एकच गट. इथपर्यंत दोन्ही सारखे, म्हणून तुझा घोळ होतोय. आता ऑक्सिजनला कोण चिकटलंय ते बघ. मिथाइल फिनाइलॲसिटेटमध्ये ऑक्सिजनवर सीएच३ आहे, ते ३.७ च्या आसपास यायला हवं आणि सीएच२ ३.६ ला. तुझ्याकडे तीन हायड्रोजन २.१ ला आहेत, म्हणजे सीएच३ कार्बोनिलला लागून. सीएच२ मात्र एका बाजूला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला रिंग असल्यामुळे थेट ५.१ ला गेलं. बेंझिल ॲसिटेट. अंदाजाने नाव टाकून मग जुळवत बसायचं नाही, रोज दोन असे सोडव.

क्यूसीवाला, वाळूज

ताई, मी ऑरगॅनिकचा आणि नोकरी क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलमध्ये). आमच्या लॅबमध्ये दोन्हीकडचे आहेत. इंटरव्ह्यूला मार्कलिस्ट वरवर बघतात, मग विचारतात, "०.१ नॉर्मल एचसीएल एक लिटर कसं कराल?" कॉन्सन्ट्रेटेड साधारण १२ नॉर्मल, म्हणून ८.५ मिली घेऊन पाण्यात सोडून लिटर करायचं. एवढं पुष्कळजण सांगतात. त्यानंतर स्टँडर्डाइज कशाने कराल म्हटलं की गप्प. पुढे एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या मशीनवर विचारतात: सी१८ कॉलम, रिटेन्शन टाइम, पीक टेलिंग का येतं, एलओडी (किती कमी प्रमाण ओळखू येतं) आणि एलओक्यूत (किती कमी प्रमाण नीट मोजता येतं) फरक काय.

एक सांगा, तुमच्या डिपार्टमेंटला एचपीएलसी आहे का, आणि मुलांना हात लावू देतात का? त्यावर सगळं ठरेल.

धागाकर्ती

सर, एनएमआर कळलं. खूप धन्यवाद.

दादा, एचपीएलसी आहे. त्यावर गुलाबी चादर आहे. नॅकवाले (कॉलेजला ग्रेड देणारे) यायच्या वेळी काढतात. यूव्ही मात्र चालतं, कॉलम क्रोमॅटोग्राफी आणि टीएलसी आम्ही स्वतः करतो.

क्यूसीवाला, वाळूज

मग प्रश्नच मिटला, ऑरगॅनिक घ्या. मशीन न उघडता ॲनालिटिकल म्हणजे नुसती थिअरी, तिथेच पकडतात. ऑरगॅनिकमध्ये निदान हात चालेल.

एचपीएलसीची कसर ओजेटीत भरून काढा. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे. बरीच मुलं कुठूनतरी सही-शिक्का आणतात, तसं करू नका. छत्रपती संभाजीनगरकडे वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथे औषधांच्या कंपन्या आहेत. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन एचआरला मेल करा, आणि पत्रात "क्वालिटी कंट्रोल लॅब" असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर स्टोअरमध्ये बसवतात. परीक्षा संपायची वाट बघू नका, आत्ताच पाठवा.

तासिकावाले सर

पत्राचा मसुदा स्वतः टाइप करून नेशील तर सही त्याच दिवशी होईल. नाहीतर "उद्या या".