चिनूचा हॉटेलचा कोर्स

ग्रुप: आपली मंडळी, राजेंद्र नगर (इंदूर)

अप्पा आजोबा: सुप्रभात 🌹 नर्मदेची लाइन फुटली आहे. आज नळाला पाणी येणार नाही. भरून ठेवा.

मीनूताई (बाळूमामाची मुलगी): आजोबा, येणारच नाही तर भरायचं कुठून?

आई (चिनूची): बाळूदादा, नंदू, जरा इकडे बघा. चिनूला पुण्याच्या एका संस्थेतून सारखे फोन येतायत. हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटचं एक वर्षाचं सर्टिफिकेट. फी २,४०,०००. सोमवारपर्यंत २५,००० भरले तर सीट पक्की म्हणे. ह्यांचं म्हणणं, भरून टाकू. बारावी कॉमर्स झाल्यापासून मुलगा नुसता बसलाय.

चिनू: बसलो नाहीये.

वंदनामावशी (नंदूची आई): हॉटेलात?? कपबश्या विसळायला?

नंदूदादा: आई, तुझा मुलगा बारा वर्षं हॉटेलातच आहे.

वंदनामावशी: तुझं वेगळं.

बाळूमामा: सुमे, २,४० वर जाऊ नकोस. होस्टेल आणि मेस मिळून महिन्याचे ९,००० तरी धर. अकरा महिन्यांचे ९९,०००. त्यांच्याच कागदावर युनिफॉर्म, बूट, सुऱ्यांचा किट असे १८,००० वेगळे दिसतायत. झाले ३,५७,०००. पैकी ३ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता ६,५२३. म्हणजे नुसतं व्याजच ९१ हजारांवर. शैक्षणिक कर्जाला कोर्स संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज त्या काळातही चढतं, ते मी यात धरलेलंच नाही. आणि ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून हुरळून जाऊ नका. सहकर्जदार म्हणून सही तुमचीच असते.

आई: पण दादा, सुरुवातच ३५,००० पासून लिहिलीय. फोटो टाकते.

आई: फोटो

नंदूदादा: मावशी, खालच्या बारीक ओळी वाच. पगार १८,०००, राहणं-जेवण ९,०००, टिप आणि सर्व्हिस चार्ज ८,०००. या बेरजेला ते पॅकेज म्हणतात. राहणं म्हणजे एका खोलीत सहा जण, जेवण म्हणजे स्टाफ कॅफेटेरियातला डाळ-भात. ते खरंच मिळतं, नाही असं नाही. पण त्यातून हप्ता भरता येत नाही.

सर्व्हिस चार्जचं तर विचारूच नका. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच कायम ठेवलं. गिऱ्हाइकाने खुशीने दिला तर दिला. अशी रक्कम कोणी महिन्याची कमाई म्हणून छापत असेल तर मी तिथून उठून येईन.

आणि ते १८,००० सुद्धा कुठल्या शहरातले देव जाणे. माझ्याकडे मार्चमध्ये असंच सर्टिफिकेट घेतलेला मुलगा लागला, १५,००० वर. त्याच्याच बरोबर कागद नसलेला एक मुलगा लागला, १२,५०० वर. दोघं एकाच शिफ्टला एकच ट्रे उचलतात.

बाळूमामा: थांब. १५,००० मधून पीएफ १,४४० (बेसिक १२,००० धरून), ईएसआय (कामगार विमा) ११३. हातात १३,४४७. हप्ता काढला की ६,९२४. महाराष्ट्रात लागला तर आणखी २०० प्रोफेशनल टॅक्स.

बाळूमामा: आणि नंदूच्या आकड्यांवरून दुसरा हिशोब. चिनू आजच १२,५०० वर लागला तर वर्षात दीड लाख मिळवेल. कोर्स केला तर ते बुडाले, म्हणून ते खर्चातच धरायचे. ३,५७,००० अधिक १,५०,०००, म्हणजे ५,०७,०००. सर्टिफिकेटने पगार वाढतो महिन्याला २,५००, वर्षाला ३०,०००. पैसे वसूल व्हायला सतरा वर्षं. कर्जाचं व्याज सोडून.

वंदनामावशी: बाई गं.

चिनू: मामा, सतरा वर्षं काय मी स्टुअर्डच (वाढपी) राहणार का?

नंदूदादा: हा प्रश्न बरोबर आहे. मामा, फरक सतरा वर्षं २,५०० वरच थांबत नाही. तीन-चार वर्षांनी कॅप्टन, सुपरवायझर व्हायची वेळ येते तेव्हा कागद बघतात. पण मोठ्या हॉटेलांच्या मॅनेजमेंट ट्रेनी भरतीला तीन वर्षांची डिग्री लागते, तिथे या एक वर्षाच्या सर्टिफिकेटला कोणी उभं करत नाही. नावात मॅनेजमेंट असलं तरी पहिली दोन वर्षं मॅनेज करायच्या त्या बशाच.

अप्पा आजोबा: सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या भुट्ट्याच्या कीसवाल्याने कुठला कोर्स केला होता? रात्री दोनपर्यंत रांग असते.

मीनूताई: आजोबा, त्याला जागा त्याच्या आजोबांनी दिली. तुम्ही चिनूला सराफ्यात ओटा देताय का?

अप्पा आजोबा: 🙏

बाबा (चिनूचे): उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. महाकाल मंदिराचा नवा परिसर, महाकाल लोक, झाल्यापासून तिथे हॉटेलं किती वाढली बघा. माणसं लागणारच. २०२३ च्या जानेवारीत प्रवासी भारतीय संमेलन झालं तेव्हा इंदुरात खोल्या पुरल्या नाहीत, पाहुणे लोकांच्या घरी उतरवले होते. विसरलात?

नंदूदादा: काका, माणसं लागणार हे खरंच. पण तिथे लागणार खोल्या लावणारे, वाढणारे, रात्रपाळी धरणारे. त्यासाठी साडेतीन लाख कशाला? पर्यटन मंत्रालयाची ‘हुनर से रोजगार तक’ योजना आहे, काही आठवड्यांचं ट्रेनिंग, फी नाही. बॅच कुठे चालू आहे ते बघावं लागेल. दहावीवर दीड वर्षाचे, स्वयंपाक वगैरे शिकवणारे क्राफ्ट कोर्स आहेत. आणि डिग्रीच करायची तर भोपाळ, ग्वाल्हेरला सरकारी आयएचएम (हॉटेल मॅनेजमेंटची कॉलेजं) आहेत. प्रवेश परीक्षा एनटीए ही केंद्राची संस्था घेते, बारावीला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी हवं. ती फीसुद्धा काही कमी नाही, पण तीन वर्षांनी हातात डिग्री असते. यंदाची परीक्षा गेली. पुढच्या वर्षीची आहे.

मीनूताई: आत्या, माझं ऐकशील? मी सहा वर्षांपूर्वी असाच कोर्स केला. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे तीन इंटरव्ह्यू. लांबचं म्हणून मी एक सोडला, तर ‘उमेदवाराने नाकारलं’ असं लिहून त्यांनी शंभर टक्के पूर्ण केले. ट्रेनिंग हाउसकीपिंगला होतं. एका शिफ्टला पंधरा खोल्या. गादी उचलून चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडायचा, चारही कोपरे, पंधरा वेळा. चादर ताठ बसलीय का ते सुपरवायझर तिच्यावर नाणं टाकून बघायचा. आठव्या खोलीनंतर कंबर माझी राहिली नव्हती.

मीनूताई: पण फुकट गेला असंही म्हणणार नाही. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते तिथे शिकले. आज हॉस्पिटलच्या रिसेप्शनला २४,००० मिळतात ते त्याच्यावरच. फक्त तेवढं शिकायला बाबांनी २ लाख घातले.

बाळूमामा: २ लाख १०.

आई: मग सोमवारचे २५,००० भरायचे का नाही?

बाळूमामा: पावतीवर ‘परत मिळतील’ असं लिहून देतात का विचार. फोनवर नको, लिहून.

आई: विचारलं. ‘मॅम, सीट्स फास्ट भरतायत’ म्हणाली.

बाळूमामा: मिळालं उत्तर.

नंदूदादा: चिनू, तुला यातलं नक्की काय आवडतं? खरं सांग.

चिनू: माहीत नाही दादा. लोकांत राहायला आवडतं. ऑफिसात बसायचं नाहीये.

नंदूदादा: आमच्याकडे ब्रेक शिफ्ट असते. अकरा ते तीन, मग सात ते अकरा. मधले चार तास ना घर ना काम. दिवाळीत सुट्टी नाही, मला बारा वर्षांत दोनदा मिळाली. हे चालेल का ते कुठल्या कोर्समध्ये कळत नाही. उद्या रविवारी बॅन्क्वेटला लग्न आहे, ४०० माणूस. कॅज्युअल पोरं घेतोय, रात्रीचे ६००. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट. चार वाजता मागच्या गेटने ये. गल्लीतल्या दोस्तांना सांगत बसू नकोस, जागा एकच आहे.

वंदनामावशी: जेवून जा रे बाळा. तिथे रात्री एकपर्यंत पोटात काही पडत नाही, नंदू सांगायचा.

चिनू: दादा, शाळेचे काळे बूट चालतील?

नंदूदादा: तळवे गुळगुळीत झालेत का बघ. किचनची फरशी ओली असते. फोटो टाक.

चिनू: फोटो

आई: अरे, डाव्याला तर भोक आहे!

बाबा (चिनूचे): संध्याकाळी राजवाड्याच्या बाजारात जाऊन येतो. आठ नंबर ना?

चिनू: नऊ.