१२ सप्टेंबरला तीन मराठी चित्रपट, मामांना कुठला दाखवू?

वऱ्हाडी_जावई | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०.२०

मंडळी, या शुक्रवारी 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी चित्रपट एकाच दिवशी लागताहेत. मला त्यातला एक निवडायचाय, आणि तो माझ्यासाठी नाही, सासऱ्यांसाठी.

मी अकोल्याचा, नोकरीमुळे ठाण्यात. बायको कुडाळ तालुक्यातली. गणपतीला गावी गेलो होतो, परतताना मामांना सोबत घेऊन आलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, २५ तारखेला ऑपरेशन आहे. वय ७६. आल्यापासून दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. टीव्ही लावून दिला तर पाच मिनिटांत उठतात. थेटरात शेवटचा सिनेमा कधी पाहिला ते त्यांनाही सांगता येत नाही.

आता मुद्दा. मामांचा टेम्पो होता. अकरा हंगाम त्यांनी कोकणातल्या जत्रांत नाटकं करणाऱ्या एका दशावतारी कंपनीचं सामान आणि माणसं एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत नेली. हे मला बायकोकडून कळलं, ते स्वतः बोलत नाहीत. म्हणून 'दशावतार'चा ट्रेलर पाहिल्यावर लगेच वाटलं, यांना हाच दाखवायचा. पण त्यात दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री हा म्हातारा कलावंत आहे आणि त्याची नजर जात चाललीय. बायको म्हणते, ऑपरेशन तोंडावर असताना बाबांना हे कशाला दाखवायचं? त्यापेक्षा उमेश कामत-प्रिया बापटचा हलकाफुलका 'बिन लग्नाची गोष्ट' बघू. ती दोघं 'टाइम प्लीज'नंतर बारा वर्षांनी मोठ्या पडद्यावर एकत्र येताहेत, तिला तोच बघायचाय.

मी हट्ट का धरलाय तेही सांगतो. मार्चमध्ये मी 'स्थळ' पाहिला. जयंत सोमलकरांचा, चंद्रपूरकडच्या गावातला, बहुतेक सगळी माणसं पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे आलेली. हॉलमध्ये आम्ही सातजण होतो. मुलगी स्टुलावर बसलीय, समोर पाहुणे, नाव काय, उंची किती, शिक्षण किती, आणि तेच पुन्हा पुन्हा, दर वेळी नवे पाहुणे. ती बोली अगदी आमची नाही, पण शेजारची. माझ्या मावसबहिणीला बावीस स्थळं येऊन गेली होती. त्या घरातला चहाचा वास मला खुर्चीत बसल्याबसल्या आला. चाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्याकडचं बोलणं मोठ्या पडद्यावर, विनोदासाठी न वापरता, मी पहिल्यांदा ऐकत होतो. बाहेर आल्यावर गाडी सुरू करायच्या आधी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. तसं एकदा मामांना मिळावं, एवढंच आहे.

कोकणातल्या मंडळींनी सांगावं. नेऊ की नको?

तिकीटखिडकी | ९ सप्टेंबर, रात्री ११.०५

न्या, आणि पहिल्याच आठवड्यात न्या. तीन मराठी एका शुक्रवारी म्हणजे तिघांनी एकमेकांचे शो खाल्ले. त्यातून १९ तारखेला 'जॉली एलएलबी ३' येतोय. दुसऱ्या आठवड्यात मराठीला सकाळी नऊ नाहीतर रात्री पावणेअकरा, मधलं काही उरत नाही. म्हाताऱ्या माणसाला घेऊन रात्री दोनला घरी कसे जाणार?

मी नाशिकला एकपडदा चित्रपटगृहात बारा वर्षं काम केलंय. मराठी प्रेक्षक शुक्रवारी येत नाही, तो शेजाऱ्याला विचारून रविवारी येतो. आणि शोची संख्या ठरते शुक्रवार-शनिवारच्या खिडकीवर. हे गणित कित्येक चांगल्या चित्रपटांच्या मुळावर आलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. निर्मात्यांनी आपसात बोलून दोन-दोन आठवड्यांचं अंतर ठेवलं असतं तर तिघांचंही भलं झालं असतं. 'आरपार'मध्ये ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे आहेत, कॉलेजची पोरं सहज भरली असती. आता तीच पोरं तीनमधला एक बघणार आणि दोन ओटीटीवर येईपर्यंत थांबणार.

वेंगुर्ल्याची_माई | १० सप्टेंबर, सकाळी ७.४०

जावयबापू, घेवन जावा. काय्येक विचार करू नको.

आता तुमच्या भाषेत लिहिते. तुम्ही वऱ्हाडातले, तुम्हाला दशावतार म्हणजे काय ते नीट सांगते, म्हणजे मामांच्या शेजारी बसल्यावर तुम्हालाही कळेल. कार्तिकात आमच्याकडे जत्रा सुरू होतात. देवळात पालखी फिरली की मध्यरात्रीनंतर नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत. सुरुवातीच्या भागाला आड दशावतार म्हणतात, त्यात गणपती, सरस्वती, संकासूर. मग आख्यान. हातात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान ते ठरतं आणि नट आपापलं बोलणं तिथल्या तिथे रचतात. युद्धाला पखवाज आणि झांज, पदाला हार्मोनियम. बाईचं काम पुरुषच करतो, आणि असं करतो की माझी आजी त्याच्या लुगड्याच्या निऱ्या बघून सुनांना शिकवायची.

सगळा संसार पेटाऱ्यात. मुकुट, दागिने, शस्त्रं, आणि त्यातच गणपतीचा मुखवटा, म्हणून पेटाऱ्याला पाय लागू देत नाहीत. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन डोंगर चढायचे. म्हणून तर म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. तुमच्या मामांचा टेम्पो आला तेव्हा कितीजणांच्या डोक्यावरचा बोजा उतरला असेल!

नजरेचं म्हणाल तर माझ्या वडिलांना शेवटची चार वर्षं काहीच दिसत नव्हतं. तरी जत्रेला नेऊन बसवायचो. कोण कुठल्या वेषात आला ते ते पायातल्या ठेक्यावरून सांगायचे. तुमच्या मामांना त्या गोष्टीचं भय तुमच्याइतकं वाटणार नाही. फक्त आधी गोष्ट सांगू नका, आणि 'तुमच्यासाठी आणलंय' असंही म्हणू नका. नुसतं 'चला' म्हणा.

दुपारचा_खेळ | १० सप्टेंबर, दुपारी १.१५

मी थोडं वेगळं सांगते. मी पुण्यात एकटी राहते, आठवड्याला एक सिनेमा हा माझा नेम. माझं मत 'बिन लग्नाची गोष्ट'कडे. कारण असं, की वडीलधाऱ्यांना 'त्यांच्या काळाचं' दाखवायची आपल्याला फार घाई असते. माझा मुलगा मला कायम जुन्या गाण्यांचे कार्यक्रम सुचवतो. मला आजच्या मुलांचं काय चाललंय ते बघायचं असतं. त्यात निवेदिता सराफ आणि गिरीश ओक आहेत, म्हणजे आमच्या वयाचंही कोणी आहे. मामांना एकदा विचारून तर बघा, तुम्हाला काय आवडेल म्हणून.

अनुभवाचं एक सांगते. माझ्या बहिणीला मोतीबिंदू असताना पुढच्या रांगेत पडद्याचा उजेड फार टोचायचा. मागून तिसरी-चौथी रांग घ्या, कडेची खुर्ची, आणि दिवे जायच्या आधी आत जाऊन बसा. अंधारातल्या पायऱ्यांची खरी भीती.

वऱ्हाडी_जावई | १० सप्टेंबर, रात्री ९.५०

माई, पेटाऱ्याचं वाचून दाखवलं तेव्हा बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, टेम्पोच्या हौद्यात पुढच्या बाजूला बाबा नेहमी एक धुतलेली सतरंजी घालायचे, त्यावर पोरांना बसू देत नसत. कशासाठी ते तिला आज कळलं.

दुपारचा_खेळ ताई, तुमचं पटलं, म्हणून जेवताना सरळ विचारलं. तिघांची नावं सांगितली. मामा म्हणाले, "दशावताराचो शिनेमा? त्यात काय दाखवतले, तीन तासात?" पण मग रात्री झोपताना बायकोला विचारलं, खंय लागलो हा? म्हणजे कुठे लागलाय.

ठरलं. रविवारचा दुपारचा खेळ, मागून चौथी रांग, कडेच्या तीन खुर्च्या. आमच्या जवळच्या थेटरात फक्त रात्री १०.४० चा शो दिसतोय, म्हणून लांबचं घेतलं.

साखळदंड | ११ सप्टेंबर, सकाळी १०.३०

सगळे 'दशावतार'ला 'मराठी कांतारा' म्हणताहेत त्याची धास्ती वाटते. तो कन्नड 'कांतारा' मला मनापासून आवडला होता आणि २ ऑक्टोबरला त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा नवा भाग पहिल्या दिवशी बघणार आहे. पण त्यातला भूतकोला हा विधी आणि दशावतार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिथे देव अंगात येतो. इथे नट देव होतो आणि सकाळी विडी ओढत चहा पितो. तो फरक सिनेमाने सांभाळला असेल तरच मजा. पाहिल्यावर नक्की लिहा.

वऱ्हाडी_जावई | १४ सप्टेंबर, रात्री ११.३०

पाहून आलो. हॉल पूर्ण भरलेला होता. 'स्थळ'ला सातजण होतो, म्हणून हा आकडा मला सांगावासा वाटतो.

गोष्ट फोडत नाही. आधी माझं मत. पहिला भाग मला फार आवडला. बाप आणि मुलगा यांच्यातलं बोलणं, रंगभूषा करताना स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरणारी बाबुलीची बोटं, जंगल. प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत. मी त्यांना तात्या विंचू म्हणून ओळखणारा मुलगा, नंतर 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधी पाहिले, आणि आज हा मेस्त्री. शरीर थकलंय आणि वेष चढला की पाठ सरळ होते, ते या वयात कसं करत असतील? मध्यंतरानंतर गोष्ट वेगळ्या रस्त्याला लागते, तिथे आवाज वाढतो, लांबते, आणि खलनायक मंडळी मला कागदी वाटली. साखळदंड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं, की पहिल्या भागात तो फरक जपलाय, दुसऱ्यात थोडा सुटलाय. तरी दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी कोकण म्हणजे समुद्र आणि माडाची झाडं एवढंच न दाखवता जंगल आणि त्यावर टपलेली माणसं दाखवली, याचं मला मोल वाटतं.

आता मामा. सुरुवातीला हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. पखवाज वाजला आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालू झाली. माझ्या बायकोने माझा हात धरला. नजरेचे प्रसंग आले तेव्हा आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो, ते पडद्याकडे. मध्यंतरात एवढंच म्हणाले, "पखवाज बरो वाजवल्यान." आणि भाषेबद्दल थोडी तक्रार, "मालवणी अर्धीच बोलतत."

परतताना घोडबंदर रोडला पाऊण तास अडकलो, आणि त्या पाऊण तासात मामा बोलले. सहा वर्षांत माझ्याशी जेवढं बोलले नसतील तेवढं. कंपनीत एक राजा होता, राजाच करायचा. नाटक संपलं की मुकुट उतरवून, तोंडावरचा रंग अर्धा पुसून, पहिला तो टेम्पोला हात लावायला यायचा. मामा त्याला म्हणायचे, राजानू, तुम्ही बसा. तो म्हणायचा, राजा रात्री होतो, आता हमाल. एकदा घाटात टेम्पो बंद पडला, पुढच्या जत्रेत लोक खोळंबलेले. तेव्हा सगळी कंपनी, द्रौपदीसकट, टेम्पो ढकलत वर गेली. त्या रात्रीचं भाडं मामांनी घेतलं नव्हतं. बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं.

वेंगुर्ल्याची_माई | १५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

मामांची मालवणीबद्दलची तक्रार माझीही आहे. पुण्या-नागपूरच्या लोकांना कळावं म्हणून पातळ केलीय. तुमच्या 'स्थळ'मध्ये तशी केली नव्हती ना? आणि ती कळलीच की सगळ्यांना.

त्या राजाचं नाव मामांना आठवत असेल तर विचारून लिहून ठेवा. आमच्याकडे या लोकांचं कागदावर फार थोडं उरलंय.

वऱ्हाडी_जावई | १५ सप्टेंबर, रात्री १०.०५

विचारलं, वहीत लिहायला घेतलंय. बायको विचारते, मी लिहितो, तिला मालवणी कळते आणि माझं अक्षर बरं आहे.

आता तिकीटखिडकी दादांना प्रश्न. मामा म्हणताहेत, "ऑपरेशन झाल्यार परत बघूया, ह्या डोळ्यान रंग बरे दिसाक नाय." ऑपरेशन २५ ला, डॉक्टरांनी नंतर आठ दिवस जपायला सांगितलंय, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा. तोवर राहील का? आणि १९ ला रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' लागतोय. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरीचा मोठा पुरस्कार मिळालेला चित्रपट, तो मी एकटा जाऊन पाहणार आहे. ठाण्यात कुठे लागेल?

तिकीटखिडकी | १५ सप्टेंबर, रात्री १०.४०

काल माझ्या जुन्या सोबत्याला फोन केला होता. शुक्रवारी त्यांच्याकडे दोन खेळ होते, रविवारी चार केले. असा चढ असेल तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत निदान एखादा खेळ राहतो. २ ऑक्टोबरला 'कांतारा' आला की पडदे जातील, म्हणून तारीख धरून बसू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच दिवशी तिकीट काढा. गावाकडच्या एकपडद्यावर उशिरापर्यंत चालतो, तर दिवाळीला मामांना सोडायला जाल तेव्हा तिकडेही बघा.

'साबर बोंडं'चे खेळ मोजकेच असतील. बुधवारी रात्री बुकिंग उघडतं का ते बघत राहा, पहिल्या तीन दिवसांतच जा. ठाण्यात नाही दिसलं तर मुलुंड बघा.