रि: रि: रि: गोवा डबा : लोअर २७ की १८?

प्रेषक: मृणाल (महिनाभर मुक्काम दादर)

मंडळी,

इथे पहाटेचे साडेचार वाजलेत. बाबा उठायच्या आत लिहून घेते, नाहीतर तेच डिक्टेट करायला बसतील.

नितीन, मंडळाच्या गोव्याच्या सहलीसाठी आपण रेल्वेचा आख्खा थ्री एसी डबा आरक्षित करतोय, त्याच्या बर्थवाटपाचा तुझा तक्ता चुकलाय. ३१ ज्येष्ठ मंडळींना तू ३१ लोअर वाटल्यास. थ्री एसीच्या डब्यात ७२ बर्थ असतात, आठ-आठचे नऊ कप्पे. एका कप्प्यात दोन लोअर आणि एक साइड लोअर, म्हणजे एकूण २७. मग जास्तीच्या चार आणल्यास कुठून? बाबांच्या नावापुढे '३४ लोअर' लिहिलंयस. ३४ मिडल आहे रे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघा बदललेला माणूस मिडलवर चढवायचा का?

रेल्वेकडे अर्ज जायच्या आधी हे निस्तरायला हवं.

मृणाल

---

प्रेषक: नितीन

मृणाल, तक्ता क्र. २ 'कच्चा' आहे असं मी वरच लिहिलं होतं. कोणी वाचत नाही, त्याला मी काय करू? एक्सेलमध्ये ओळ खाली ओढताना पुढचे नंबर चुकले असतील. आजवर बाकी कोणाचीही तक्रार नाही.

आणि एक शंका. साइड लोअर ही लोअर धरायची का?

नितीन

---

प्रेषक: वंदना

मुळीच धरायची नाही!! साइड लोअर म्हणजे दोन खुर्च्या पाडून केलेलं अंथरूण. मधली फट बरोब्बर कमरेखाली येते. वर आख्खा डबा उशापायथ्याशी ये-जा करणार, आणि बाथरूमला निघालेला प्रत्येक जण तुमच्या पायाला धडकून "सॉरी" म्हणणार. तेव्हा खऱ्या लोअर १८च.

ज्येष्ठांना तिकिटात सवलत असते ना? बायकांना अर्धं भाडं. ती कोणी हिशोबात धरली आहे का?

आम्ही १९७९ साली लग्नानंतर शांतादुर्गेला गेलो तेव्हा मिरजेला उतरून पुढे मीटरगेजची गाडी. लोअर-बिअर काही नाही, रात्रभर ट्रंकेवर बसून. दूधसागर आला तेव्हा हे झोपलेले.

वंदना

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

सर्वांना नमस्कार.

१. सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. चालू असती तरी आख्खा डबा आरक्षित करताना ती लागू होत नाही. पूर्ण भाडं, त्यावर ३० टक्के सेवाशुल्क. आपण ५८ जण असलो तरी पैसे ७२ बर्थचे जाणार.

२. डब्यामागे ५०,००० रुपये अनामत. ती परत मिळते, पण प्रवास झाल्यावर. ती मंडळाच्या खात्यातून भरायची असं कुठल्याही सभेत ठरलेलं नाही. संक्रांतीच्या हॉलच्या डिपॉझिटचं काय झालं हे सर्वांना ठाऊक आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

३. अर्ज प्रवासाच्या किमान ३० दिवस आधी पोचावा लागतो. बर्थचा वाद त्यानंतरही घालता येईल.

श्रीकांत

---

प्रेषक: ओंकार

हाय ऑल, आउट ऑफ द बॉक्स विचार करूया. टू एसी का नाही घेत? मिडल बर्थच नाही. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.

नाहीतर दिवसाची मांडवी एक्सप्रेस घ्या. झोपायचंच नाही तर लोअर कशाला? शिवाय जेवण.

ओंकार

---

प्रेषक: मृणाल

ओंकार, टू एसीत मिडल नाही हे खरं, पण डबा तेवढाच लांब. बर्थ ५२ किंवा ५४. निम्म्या लोअर, म्हणजे २६ किंवा २७. लोअर एकही वाढत नाही. पैसे तेवढे वाढतात आणि आपल्यातले चार किंवा सहा जण चक्क खाली उतरतात, कारण आपण ५८ आहोत.

दिवसाच्या गाडीने शनिवार प्रवासातच जाईल. रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. मग मंगेशी आणि कवळे कधी करायचं, स्टेशनवरूनच हात जोडायचे का?

आता नवीन भानगड. मी काल बाबांना २७ म्हटलं तर ते म्हणाले, "चूक. २४." बाबांची नोकरी माटुंगा वर्कशॉपमध्ये गेली, १९६९ ते २००७. डब्याच्या बाबतीत आमच्या घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. त्यांचं म्हणणं, थ्री एसीत आठच कप्पे, ६४ बर्थ.

मृणाल

---

प्रेषक: नितीन

म्हणजे ३१, २७, २४ आणि १८. मी तक्ता करणं थांबवतो. ज्यांना जास्त कळतं त्यांनी करावा.

---

प्रेषक: हेमंत

नितीन, रागावू नकोस. तक्ता तूच कर.

जेवणाबद्दल ओंकार म्हणाला म्हणून : शुक्रवारी रात्री अकराला गाडी, म्हणजे जेवूनच चढायचं हे मान्य. पण सकाळचा नाश्ता? रत्नागिरी पहाटे येते, तेव्हा काही मिळालं तर मिळालं. मी ६० पॅकेट थालीपीठ-लोणी सांगू शकतो, माझ्या मेहुणीची ओळख आहे गिरगावात. लोणी वेगळ्या डबीत. गेल्या सहलीत लोणी आणि गोड शिरा एकाच पिशवीत आले होते, तसं होणार नाही.

येताना पानवलचा पूलही बघता येईल मुलांना. ६४ मीटर उंच!

---

प्रेषक: ओंकार

पानवल रत्नागिरीच्या पुढे आहे, गोव्याच्या बाजूला. जाताना डिसेंबरातला पहाटेचा काळोख, येताना रात्र. दोन्ही वेळा मुलांना काचेत स्वतःचं तोंड दिसेल.

---

प्रेषक: वंदना

थालीपीठ गार चांगलं लागत नाही. दशम्या सांगा.

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

खाण्याचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा. मेहुणींचं बिल नावानिशी हवं.

---

प्रेषक: मृणाल

मंडळी, आकड्याचा निकाल लागला. जरा लांबण आहे, चालवून घ्या.

काल रात्री साडेदहाला बाबांनी चप्पल घातली. म्हटलं कुठे? तर म्हणाले, "दादरला आपली कोकणकन्या थांबते, बघून येतो." मी मागोमाग. दोन प्लॅटफॉर्म तिकिटं, वीस रुपये. (श्रीकांतदादा, मागत नाहीये.) गाडी आली. बाबा थ्री एसीच्या डब्यापाशी दाराला धरून उभे राहिले आणि आत डोकावले. मागून बॅगा, पोरं, एक वॉशिंग मशीनचं खोकं. एका बाईंना त्यांनी हात देऊन चढवलं. नंतर खिडकीखालून शेवटापर्यंत चालत गेले, बर्थचे नंबर लिहिलेले असतात ते वाचत. गाडी सुटल्यावर माझ्याजवळ आले आणि एवढंच म्हणाले, "७२ आहेत."

त्यांच्या वेळचे निळे आयसीएफ डबे, त्यात ६४. आताचे एलएचबी डबे दीड मीटरहून जास्त लांब, म्हणून एक कप्पा वाढला. वाटेत मला कपलिंगही (डबे जोडायचा सांधा) समजावून झालं : दोन्हींचं वेगळं, म्हणून जुना डबा या गाडीला जोडतच नाहीत, म्हणजे आपल्याला एलएचबीच मिळणार. दोघंही बरोबर होतो, फक्त वेगवेगळ्या डब्यांबद्दल बोलत होतो.

आता लोअर २७, साइड धरून. वरच्याही २७ (१८ अपर, ९ साइड अपर). आपली तरुण मंडळी २७. म्हणजे ज्येष्ठ चार जण मिडलवर जातात, आणि त्या मिडल उघडल्या की खालच्याला ताठ बसता येत नाही. बाकीच्या १४ मिडल उघडायच्याच नाहीत.

साइड लोअरचं बोलले तर बाबा आतून एक चादर घेऊन आले. चौघडी घातली, मधोमध एक टाका मारलेला. फटीवर टाकायला. म्हणे वर्कशॉपमधले सगळे अशीच नेतात. त्यांना बर्थ ७ हवा आहे, साइड लोअर. खिडकी आपल्या एकट्याची, समोर कोणाचे पाय नाहीत.

मग मी यादीतल्या ज्यांचे नंबर होते त्या १९ जणांना फोन लावले. कोणालाही आपण काही विचारलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. दोन आजी म्हणाल्या, साइड लोअरच द्या, पाय लांब करता येतात. एक काका म्हणाले गाडीत मी झोपत नाही, माझ्या लोअरवर पत्ते मांडा. आणि नितीनच्या यादीतल्या एका जोडप्याने विचारलं, "कसली सहल?" त्यांच्या मुलाने परस्पर नावं दिली होती, त्यांना त्या शनिवारी नातीचं बारसं आहे.

म्हणजे चारांतले दोन गेले. उरले दोन.

मृणाल

---

प्रेषक: वंदना

ज्येष्ठ म्हणजे किती वयाचे धरलेत? यादीत ६० पूर्ण असं असेल तर माझ्या धाकट्या दिराचं नाव त्यात का? तो ६१चा आहे, पण दर पावसाळ्यात राजगडाला जातो. त्याला आणि त्याच्या बायकोला मिडल द्या. मी बोलते.

आणि मृणाल, चादरीला टाका मधोमध की दोन्ही कडांना?

---

प्रेषक: मृणाल

वंदनाताई, मधोमध. नाहीतर घडी सरकते.

राहिलं ते एकच, आणि बाबा त्यावरच अडून बसलेत. दादरला काल त्यांनी घड्याळ लावलं होतं. तीन मिनिटांत ते वॉशिंग मशीनच जेमतेम चढलं. तेव्हा "ठाण्याला मी चढीन, दादरला तू चढ" हे बंद. सगळ्यांनी व्हीटीला यायचं, गाडी लागली की सावकाश बसायचं.

मृणाल

---

प्रेषक: हेमंत

आणि डोंबिवलीची मंडळी? आमचे दादा-वहिनी शुक्रवारी रात्री उलटं व्हीटीला येणार, मग तीच गाडी पुन्हा ठाण्यावरूनच जाणार. त्यांना हे पटणार नाही.

---

प्रेषक: मृणाल

हेमंत, रात्री नवाला डोंबिवलीहून व्हीटीकडे येणारी लोकल रिकामी असते. गर्दी सगळी उलट दिशेने. बसून येतील. ठाण्याला उभ्या-उभ्या पळापळ करून चढण्यापेक्षा बरं. हवं तर बाबा फोन करतील त्यांना.

---

प्रेषक: हेमंत

नको, मीच करतो.

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

अनामतीसाठी ५८ ऐवजी आता ५६ जणांत वाटणी करावी लागेल. नवा आकडा उद्या कळवतो. ज्यांनी जुना भरला आहे त्यांनी फरक पाठवावा, चेकने नको.

परतीच्या प्रवासात मांडवी आणि जुवारी हे दोन्ही पूल अंधारात जातील, जाताना मात्र उजेडात मिळतील. जुवारी ओलांडली की कुठ्ठाळी. मंगेशाचं मूळ स्थान तिथलं, १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या धास्तीने पलीकडे प्रियोळला हलवलेलं. आमच्या आई त्या बाजूची खिडकी मागत आहेत. कुठली बाजू ते मृणालच्या वडिलांना विचारून सांगावं.

---

प्रेषक: नितीन

तक्ता क्र. ५ जोडला आहे. हा पक्का. वंदनाताईंचे दीर ३४, वहिनी ४२. मृणालचे बाबा ७.

---

प्रेषक: मृणाल

नितीन, छान झालाय. फक्त श्रीकांतदादांच्या आईंना १६ दिलायस. तो साइड अपर आहे.