प्रति: गाडीत दुसरी बॅटरी थेट जोडणे

गाडीत फ्रिज वगैरे चालवायला घेतलेली दुसरी बॅटरी जाड वायरने इंजिन सुरू करणाऱ्या पहिलीला सरळ समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडली की झालं, असं वर सुचवलंय. कृपया तसं करू नका. रात्रभर फ्रिज चालला की दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरतात आणि सकाळी स्टार्टर नुसता टक्-टक् करतो. त्यात दुसरी लिथियम असेल तर ती मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तापून जळूही शकतो.

जुन्या गाड्यांत साधारण 13.3 व्होल्टला जोडणारा आणि 12.8 ला तोडणारा रिले (दोन बॅटऱ्यांमधला आपोआप चालणारा स्विच) पुरायचा. आताच्या बऱ्याच बीएस-6 गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज उतरवतो. मग रिले सारखा सुटतो आणि बॅटरी अर्धवटच भरते. तिथे डीसी-डीसी चार्जरच (अल्टरनेटरचं कमी-जास्त व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवं तसं करून देणारा) हवा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

फ्यूज मात्र दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हजवळ, वीतभर अंतरातच लावा. मधली वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर करंट दोन्हीकडून येतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवायची कडी, हवाच. आणि पाणी घालायची बॅटरी केबिनमध्ये अजिबात ठेवू नका, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.