मदत हवी आहे: सात वर्षांच्या लेकीसाठी पुस्तकं आणि सिनेमे सुचवा

सध्या रोज रात्री लेकीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून दाखवतेय. ‘ट्टॉक्’ आलं की ती माझ्याआधी ओरडते, आणि शेजारी घोरणारा तिचा बाबा दचकून उठतो! २०१४ चा ‘एलिझाबेथ एकादशी’ सिनेमा दाखवला, त्यातल्या सायकलचं नाव एलिझाबेथ, तर दुसऱ्या दिवशी तिनेही आपल्या सायकलचं बारसं केलं. (नाव ‘गंगूबाई’. का, ते विचारू नका.)

अडचण अशी, की स्वतः वाचताना ती जोडाक्षरांवर अडते आणि पुस्तक परत माझ्या हातात देते. मोठी अक्षरं, सोपे शब्द, पण गोष्ट मात्र खमंग, अशी कुठली पुस्तकं आहेत? सिनेमेही सांगा, फक्त रडके नकोत. आम्ही बंगळुरूत राहतो, त्यामुळे दुकानात चाळून घेणं जमत नाही.